वस्तूचा महिना

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं बाजाराचं गाव. नाशिकहून गिरणाऱ्यामार्गे वाघेरा घाट उतरलं की हा मुलूख लागतो. पुढे थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द. भोवतीच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, आणि कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली जुनी घरं अजूनही मधूनमधून उभी आहेत. अशा एखाद्या घरातल्या वस्तूंची यादी करायला बसलं तर ती भली लांब होते. नांगर, जू, कुदळ, विळे, कोयते, कुऱ्हाड. बांबूच्या टोपल्या, सुपं, मासे धरायचे सापळे. इरली, घोंगड्या, गोधड्या. धान्याच्या कणग्या, बियाण्याची गाडगी, आढ्याला टांगलेली मक्याची कणसं. जातं, उखळ, मुसळ. पावसाळ्यासाठी रचलेला लाकूडफाटा. तरीही या घराला पसाऱ्याचं घर कोणी म्हणणार नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये याच्या निम्म्याही कामाच्या वस्तू नसतात, आणि तरी तिथे पलंगाखाली, कपाटावर, गॅलरीत सामान कोंबलेलं असतं. हा फरक संख्येतून येत नाही. तो कशातून येतो, हे नीट पाहिलं की घर आवरण्याबद्दलचा आपला बराचसा विचार बदलावा लागतो.

सह्याद्रीच्या या पश्चिमेकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात निफाड-सिन्नरकडे पडतो तो त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही वाळत नाही, काही सहज आणता येत नाही, म्हणून मे महिन्यात बेगमी करावी लागते: सरपण, गोवऱ्या, मीठ, मिरची, सुकट. राब भाजण्यासाठी गोळा केलेला पालापाचोळा पावसाआधी जळून जातो आणि त्याची जागा मोकळी होते. जुलैत आवणीच्या वेळी इरलं आणि घोंगडी बाहेर येते, नांगर आणि जू शेतावर जातं. भात-नागली कापून झाली की टोपल्या आणि सुपं खळ्यावर जातात, कणग्या भरतात. कणगी भरते त्या सुमाराला सरपणाची रास संपत आलेली असते, आणि पुढच्या जूनमध्ये सरपणाची रास उंच होते तेव्हा कणगी तळाला गेलेली असते. एकच जागा वर्षात दोन-तीनदा वेगवेगळ्या वस्तू वापरतात. घराची भिंत न वाढवता त्यात जास्त सामान मावतं, ते असं. आणि यातली एकही वस्तू अशी नाही की जिचा महिना वर्षातून एकदा तरी येत नाही.

बोहाड्याचे मुखवटे हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हार या भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा उभा राहतो. देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. मुखवटे मोठे, नाजूक, रंगवलेले. वर्षातले मोजके दिवस त्यांचं काम, बाकीचे महिने त्यांना जपून ठेवणं एवढंच. उपयोगाच्या हिशोबाने पाहिलं तर एवढी जागा अडवणारी दुसरी वस्तू नसेल. पण कुठला मुखवटा कोणाच्या घरी, कोणाच्या मानाचा, हे ठरलेलं असतं. तो कधी खाली काढायचा, डागडुजी कधी करायची, परत कधी वर जायचा, हेही ठरलेलं असतं. म्हणून पिढ्यानपिढ्या ठेवूनही त्याची कधी अडगळ होत नाही. वस्तूला ठरलेली जागा, तिचा ठरलेला काळ आणि तिची जबाबदारी घेणारा माणूस, या तीन गोष्टी असल्या की ती कितीही मोठी असो, घराला जड होत नाही. यातली एक जरी सुटली, तर चार इंचांचा चार्जरसुद्धा पसारा होतो.

माझं म्हणणं थोडक्यात हे आहे, आणि पुढे ते तपासून पाहायचं आहे: घर आवरण्याचा खरा प्रश्न काय टाकायचं हा नसून कुठल्या वस्तूचा महिना कुठला, हा आहे. ज्या वस्तूला ऋतूंच्या एका पूर्ण फेऱ्यात कामाचा एकही दिवस मिळाला नाही आणि पुढच्या फेऱ्यातही मिळेल असं सांगता येत नाही, ती अडगळ. बाकीचं सामान, मग ते कितीही जुनं किंवा कुरूप असो, अडगळ नाही. त्याला फक्त जागा हवी आहे.

ही कसोटी सध्याच्या लोकप्रिय कसोटीहून वेगळी आहे. जपानच्या मारी कोंडो यांच्या पुस्तकाने आणि २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेने जगभर एक पद्धत रुजवली: वस्तू हातात घ्यावी, तिच्यामुळे मनात आनंद उमटतो का पाहावं, उमटत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यावा. ज्यांच्या घरात गरजेपलीकडच्या वस्तूंचाच भरणा आहे, अशांना ही पद्धत उपयोगी पडली यात शंका नाही. एकाच प्रकारच्या सगळ्या वस्तू एका ठिकाणी आणून पाहायच्या, हा त्यातला भाग तर फार शहाणपणाचा आहे. पण ताडपत्रीने कोणाच्या मनात आनंद उमटत नाही. फवारणीचा पंप, रॉकेलचा जुना कंदील, वासरासाठीचं दावं, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स, रेशनकार्डाची जुनी प्रत, सातबारा, वनहक्काच्या दाव्याची पोच, यातलं काहीही हातात घेऊन छातीत काही होणार नाही. मात्र जुलैच्या मध्यरात्री छप्पर गळायला लागलं किंवा तहसीलमध्ये पुरावा मागितला, की यांच्यावाचून चालत नाही. शेतावर आणि हवामानावर जगणाऱ्या घराची वस्तूंशी असलेली ओढ आवडीनावडीवर उभी नसते. तिथे कालचक्राची कसोटीच लागू पडते, आणि मला वाटतं, नीट पाहिलं तर नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्येही तीच जास्त न्यायाची आहे.

आता हरसूलमध्येच पसारा का वाढू लागला आहे, याकडे वळू. कारण तो वाढतो आहे, आणि त्याचं खापर लोकांच्या सवयींवर फोडणं सोपं असलं तरी खोटं आहे. मोठं कारण घराच्या रचनेत आहे. २०१६मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलं गेलं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची स्वतंत्र जागा. आधीच्या इंदिरा आवासमध्ये ते २० चौरस मीटर होतं. अनुसूचित जमातींसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. या योजनांनी पक्की भिंत, पक्कं छत दिलं. दरवर्षी कूड लिंपण्याची, छप्पर शाकारण्याची मेहनत वाचवली. वादळात घर उडण्याची भीती घालवली. याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण जुन्या घराला माळा होता. उतरतं छप्पर आणि खालची राहायची जागा यांच्यामधली ती सगळी पोकळी साठवणीला मिळायची. चपट्या स्लॅबच्या घरकुलाला ती पोकळी नाही. कुडाच्या भिंतीत कुठेही खुंटी ठोकता यायची. आढ्याला, वाशाला शिंकी, कणसं, टोपल्या टांगता यायच्या. सिमेंटच्या गुळगुळीत छताला टांगायला काही नाही. म्हणजे घराची जमीन थोडीबहुत तेवढीच राहिली, पण वरची सगळी साठवण एका दिवसात नाहीशी झाली, आणि नांगर, कणगी, सरपण, बियाणं मात्र पहिल्याइतकंच राहिलं. ते सगळं खाली उतरलं, जमिनीवर पसरलं. पुष्कळ ठिकाणी लोक नव्या घरकुलाला लागून कुडाची पडवी उभी करतात किंवा जुनं घर मोडतच नाहीत, ते याच कारणाने. बाहेरून येणाऱ्याला त्यात जुन्याचा हट्ट दिसतो. खरं तर ती साठवणीची गरज असते.

चुलीच्या बदलातही हेच झालं. माळा बहुधा चुलीच्या वर किंवा जवळ असायचा. धुराने तिथलं बियाणं कोरडं राहायचं, कीड लागायची नाही, कारवी आणि बांबूलाही भुंगा कमी लागायचा. मे २०१६मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घराघरांत पोचला. सिलिंडर भरायला पैसे नसतात म्हणून अनेक घरांत चूलही चालू आहे, पण जिथे धूर कमी झाला तिथे बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला मिळालेला आराम मोलाचाच आहे. मात्र धुराबरोबर बियाणं राखण्याची एक व्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणी दिली नाही. आता धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवलं जातं. कोठी चांगलीच, उंदीर तिला कुरतडू शकत नाही. पण ती जमिनीवर टेकलेली असली तर पावसाळ्यात खालून गंजते, भिंतीला चिकटलेली असली तर मागे ओल धरते. कणगी दगडांवर उभी करत आणि भिंतीपासून सुटी ठेवत, त्यामागे हाच अनुभव होता. कोठीखाली चार विटा आणि भिंतीपासून वीतभर अंतर, एवढं केलं तरी पावसाळ्यातलं बरंचसं नुकसान टळतं.

पसारा हा दिसण्यापुरता प्रश्न असता तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. या भागात त्याची किंमत जिवाशी येऊन भिडते. घराला टेकून रचलेला लाकूडफाटा, विटांचे ढीग, कोपऱ्यात महिनोन् महिने न हललेली पोती, इथे उंदीर घर करतो आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतच नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, बहुतेक पावसाळ्यात. विंचवाच्या बाबतीतही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू किती कमी करता येतात ते दाखवून दिलं, पण विंचू मुळात राहतो तो न हललेल्या दगडा-लाकडांखालीच. म्हणून सरपण घरापासून काही हात दूर, जमिनीपासून उंच मांडणीवर रचावं, आणि ज्या कोपऱ्याला महिन्यातून एकदाही हात लागत नाही तो कोपरा घरात असू नये, हे नियम सौंदर्याचे नसून आरोग्याचे आहेत. डेंग्यूचा डास फुटक्या माठात, टायरमध्ये, उलट्या न ठेवलेल्या बादलीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यात महिनोन् महिने तग धरतात. आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशोबाने. आणि सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे कीटकनाशकाची अर्धी बाटली. तिला पुढच्या हंगामाचा महिना असतो, म्हणून ती ठेवली जाते. पण ती धान्याजवळ किंवा मुलांच्या हाताशी ठेवायची नाही, तिला कुलूप हवं, आणि रिकामी झाली की तिच्यात तेल-पाणी कधीही भरायचं नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. लागेल कधीतरी, असं म्हणून वस्तू राखून ठेवणं हे गरिबाचं शहाणपण आहे. त्याला अडगळ म्हणणारे आपण कोण? याचं उत्तर शोधताना दोन किमती शेजारी ठेवून पाहाव्यात. एक, वस्तू सांभाळण्याची किंमत: जागा, झाडलोट, उंदीर, ओल. दुसरी, तीच वस्तू गरज पडल्यावर पुन्हा मिळवण्याची किंमत: पैसे, अंतर, वेळ. पाड्यावरच्या घरात अंगण आहे, पडवी आहे, पण हातात रोख पैसा नाही आणि दुकान बाजाराच्या गावी. तिथे मोडक्या खुरपीचं पातं, सुतळीचे तुकडे, जुन्या साड्या राखून ठेवणं हिशोबाला धरून आहे. त्या साड्यांची गोधडी होते, सुतळीने कूड बांधला जातो. शहरात हिशोब उलटा आहे. तिथे जागेएवढी महाग गोष्ट दुसरी नाही आणि बहुतेक वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तरी शहरातला माणूस पाड्यावरच्या माणसाचा नियम चालवतो, कारण तो नियम त्याच्या आजी-आजोबांबरोबर गावाहून आला आहे. जागा बदलली की नियमही बदलावा लागतो. गावात राखून ठेवणं जसं समजूतदारपणाचं, तसं शहरात वेळेवर देऊन टाकणं समजूतदारपणाचं. आणि गावातही संख्येला हद्द हवीच: एक फुटकी बादली रोप लावायला, एक कोंबड्यांच्या पाण्याला, तिसरी डासाच्या कामाची.

हातातली वस्तू सोडवत नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते गरिबी-श्रीमंती पाहत नाही. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना साधा कॉफीचा मग दिला आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना दिला नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. मग तोच, काही मिनिटांपूर्वी हातात आलेला. वस्तू आपली झाली एवढ्यानेच ती आपल्याला मोलाची वाटू लागते. म्हणून आवरायला बसल्यावर हे टाकू का, असं विचारलं तर मन नेहमी नको म्हणतं. प्रश्न फिरवून पाहावा: हे आज बाजारात असतं तर मी पैसे देऊन घेतलं असतं का, आणि कुठल्या महिन्यासाठी? हरसूलच्या बाजारात घासाघीस करणारी बाई हाच प्रश्न विकत घेताना विचारते. तोच घरातल्या कोपऱ्याला विचारायचा. लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा अभ्यास तिथल्या विद्यापीठाने केला, तो २०१२मध्ये पुस्तकरूपाने आला. त्या घरांच्या गॅरेजांपैकी तीनचतुर्थांश गॅरेजांत गाडी ठेवायला जागाच नव्हती, ती सामानाने भरली होती. जागा जास्त असली की पसारा आटोक्यात राहतो, हा समज त्या एका आकड्याने मोडतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. पाड्यावरचं घर नीटनेटकं दिसतं ते व्यवस्थेमुळे की नाइलाजाने? दिवाळीनंतर या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे उतरतात. काही वीटभट्ट्यांवर जातात. पिकअपच्या हौद्यात चार भांडी, ताडपत्री, अंथरूण-पांघरूण, नागलीचं पीठ, कोयता आणि लेकरं, एवढंच मावतं. याला साधं राहणीमान म्हणून गौरवणं हा अन्याय आहे, आणि या लेखाचा तो हेतू नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याला आणखी कमी ठेवायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण या स्थलांतरातून घर आवरण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट दिसते. चार-पाच महिने बंद राहणाऱ्या घरात काय ठेवायचं, काय न्यायचं, काय शेजारी द्यायचं, याचा निर्णय दरवर्षी घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयामुळे घरातली प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तरी हातातून जाते. शहरातल्या स्थिर कुटुंबावर ही वेळ येत नाही. वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या माणसाला पोटमाळ्यावर काय आहे हे घर बदलेपर्यंत कळत नाही. नाइलाज बाजूला ठेवून त्यातली वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू हाती घेण्याची रीत घेता येते. पूर्वी दिवाळीआधीचा सफाईचा काळ त्यासाठीच होता. या भागात वाघबारसेच्या आधी घर सारवून निघायचं. आता भिंती रंगवल्या जातात, पण डबे रिकामे करून पुन्हा भरणं मागे पडलं आहे.

तिसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. घर आवरा, असं म्हटलं की ते काम कोणाच्या पदरात पडतं? देशाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामासाठी बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. आणि हे ९७ मिनिटांचं प्रमाण फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचं आहे, त्यांची संख्याही थोडीच. पाणी, सरपण, शेत आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला वर टापटिपीचा उपदेश करणं अन्यायाचं होईल. कॅलिफोर्नियात डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपलं घर पसाऱ्याचं आणि अर्धवट कामांचं आहे असं सांगणाऱ्या बायकांच्या शरीरातला ताणाचा कोर्टिसॉल हा स्राव दिवसभरात जितका उतरायला हवा तितका उतरत नव्हता. म्हणजे पसाऱ्याचा त्रास बाईला होतो आणि तो निस्तरण्याचं कामही तिचंच ठरतं. यावर एकच न्याय्य नियम आहे: ज्याने वस्तू घरात आणली, तिची जागा ठरवण्याची आणि तिचा महिना संपल्यावर ती वर ठेवण्याची जबाबदारी त्याची. मोटारसायकलचे जुने टायर, पंपाचे सुटे भाग, खतांची रिकामी पोती, बंद पडलेले मोबाइल ही सामग्री बहुतेक घरांत पुरुषांची असते. ती आवरायला पुरुषांनीच बसायचं. बोहाड्याच्या मुखवट्याला मानकरी असतो, तर टायरला का नसावा?

आता शहरातल्या वाचकाशी थोडं. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नाशिक आणि मुंबईहून गाड्या भरून जुने कपडे त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि त्यातले स्वेटर, ब्लँकेट, मुलांचे कपडे उपयोगी पडतात, हे खरं. पण गाठोडी सोडल्यावर त्यात फाटके, बटणं तुटलेले कपडे, एका पायाचे बूट, लग्नातले जरीचे घागरे, थंडीच्या प्रदेशातले कोटही निघतात. शहरातल्या कपाटात ज्याला महिना नव्हता त्याला पाड्यावरही महिना नसतो. तो फक्त जागा बदलून येतो. आणि शहरात निदान घंटागाडी दाराशी येते. पाड्यावर ती येत नाही. तिथे न लागणारा सिंथेटिक कपडा शेवटी जाळला जातो किंवा ओढ्याला जातो. १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या गूंज संस्थेने या प्रश्नावर वेगळी रीत घालून दिली: कपडे आधी निवडायचे, धुवायचे, दुरुस्त करायचे, ऋतू आणि जागा पाहून पाठवायचे, आणि गावकऱ्यांनी आपल्याच गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून ते द्यायचे, भीक म्हणून नाही. न वापरण्याजोग्या सुती कापडाच्या त्यांनी स्वच्छ घड्या बनवल्या, मासिक पाळीसाठी. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देण्याआधी निवडणं हा देण्याचाच भाग आहे, हे त्यांच्या कामातून दिसतं. तुमच्या घरातून निघालेलं सामान पाठवायचं असेल तर आधी तिथल्या शाळेत किंवा अंगणवाडीत विचारा, काय हवं आहे आणि कधी हवं आहे. जूनआधी ताडपत्री आणि छत्र्या, जूनमध्ये दप्तरं, डिसेंबरआधी गरम कपडे. बाकीचं सामान, जे तुमच्या मुलांना घालायला तुम्ही देणार नाही, ते तुमच्या शहरातच मार्गी लावा.

वस्तू बाहेर जायच्या वाटा गावात मुळातच थोड्या आहेत. लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम भंगारवाला घेतो. कापडाची गोधडी होते. लाकूड चुलीत जातं, शेण-राख शेतात. पण चिप्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, फुटकी प्लास्टिकची खुर्ची, जळालेले बल्ब, चार्जर यांना कोणी घेत नाही. मार्च २०१८मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली आणि विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याची जबाबदारी १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकांवर टाकली, पण त्यांची संकलन व्यवस्था पाड्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. म्हणून खेड्यातल्या घरासाठी आवरण्याचं खरं ठिकाण दार आहे. जी वस्तू मोडल्यावर गावातून बाहेर जाऊ शकत नाही, ती घेताना दुप्पट विचार करावा. स्टीलचा डबा महाग पडतो, पण वीस वर्षांनीही भंगारवाला त्याचे पैसे देतो. प्लास्टिकचा डबा दोन पावसाळ्यांत तडकतो आणि मग कायमचा तुमचाच राहतो.

घरात काही गोष्टी अशाही असतात की त्यांचा महिना कधीच येणार नाही आणि त्या ठेवायच्याच असतात: गेलेल्या माणसाची पागोट्याची पट्टी, पहिल्या लेकराचं झबलं, आजीचं मोडकं जातं. त्यांना कुठल्याही कसोटीला लावायचं कारण नाही. त्यांच्यासाठी एक पेटी ठरवावी आणि ती भरली की मगच नव्याने निवड करावी, इतकंच.

आणि ज्यांचं घरकुल मंजूर झालं आहे किंवा बांधकाम सुरू आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, आणि लिंटलच्या उंचीपर्यंत भिंत आली की तो साठवणीचा निर्णय घेण्याचा शेवटचा सोपा क्षण असतो. त्याच वेळी गवंड्याला सांगून स्वयंपाकघराच्या आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर दोन फूट रुंदीचा माळा सिमेंटच्या लादीत ओतून घ्यावा, भिंतीत दोन-चार कोनाडे सोडावेत आणि स्लॅब घालतानाच छतात टांगण्यासाठी लोखंडी कड्या बसवून घ्याव्यात. त्या वेळी हे काम थोड्याशा सिमेंटमध्ये आणि सळयांत होतं. घर पुरं झाल्यावर तेच करायला भिंत फोडावी लागते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत घरकुलाच्या आराखड्याचा विषय निघाला तर माळा आराखड्यातच दाखवावा, असा ठराव जरूर मांडावा.